कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं गॅरेज: जुन्या गाडीच्या एबीएससाठी बेस्ट, पण वेळ काढून जावा

जुनी गाडी असंल आणि एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) पिवळा दिवा जाईना झाला असंल तर मॉड्यूल (एबीएसचा कंट्रोल बॉक्स) बदलायच्या आधी इथं दाखवाच. मला दुसरीकडं स्कॅनर न लावताच "मॉड्यूल गेलंय" म्हणून सांगितलेलं, आकडा ऐकूनच ब्रेक लागला राव. इथल्या मिस्त्रींनी आधी फ्यूज बघितला, ब्रेक ऑइलची लेव्हल बघितली आणि मग एबीएसच्या बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, कारण स्वस्तातला ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा) स्कॅनर बऱ्याचदा नुसते इंजिनचेच कोड दाखवतोय. बिघाड पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा निघाला. चाक खोलून दाखवलं तर सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा काळा भुगा दाढीसारखा चिकटलेला, आणि चाकासोबत फिरणाऱ्या रिंगच्या दात्यांवर गंज. आपल्याकडचा पाऊस आणि गगनबावड्याकडचा चिखल, दुसरं काय होणार! साफ केलं, वायर मीटरनं तपासली, कोड काढला, दिवा गेला.

ब्रेक ऑइल पण काळं पडलेलं ते बदललं, डॉट ४ ग्रेडचं घातलं. ते हवेतलं पाणी ओढतंय म्हणून दोन वर्षांनी बदलत जा म्हणाले. आणि नुसता पिवळा दिवा असंल तर साधा ब्रेक लागतोय, फक्त जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतंय, पण सोबत ब्रेकचा लाल दिवा पेटला तर गाडी हलवू नका.

पार्किंगची बोंब आहे, फोन लवकर उचलत नाहीत, बिल मागून घ्यावं लागतंय. शनिवारी तर जाऊच नका, लई गर्दी.