वीज-चुंबकत्व आणि फुकटातलं इंटरनेट: वर्षभर वापरून काय उरलं

परळला मी घरीच क्लास घेते. गणितात बीएस्सी केलेलं, त्यामुळे आठवी ते दहावीचं गणित-विज्ञान एवढाच माझा संसार होता. गेल्या जूनमध्ये, माझ्याकडेच दहावी झालेल्या मुलांच्या आयांनी गळ घातली, "ताई, अकरावी-बारावीचं फिजिक्सपण तुम्हीच घ्या, बाहेरच्या फिया झेपत नाहीत." बाकीची प्रकरणं जुन्या पुण्याईवर निभावली असती. वीज आणि चुंबकत्व मात्र मला स्वतःलाच पायापासून करावं लागणार होतं. तेव्हापासून नेटवरचं जे जे हाती लागलं ते वापरून पाहिलं, आधी स्वतःसाठी आणि मग मुलांसमोर. त्याचा हा हिशेब. ज्यांना फक्त मार्क हवेत त्यांना यातला निम्मा भाग जास्तीचा वाटेल.

साधन बरं की वाईट हे ठरवायला मी एकच प्रश्न हाताशी ठेवला होता. गॉसचा नियम सांगतो, बंद पृष्ठभागातून जाणारा एकूण फ्लक्स (बाहेर पडणाऱ्या क्षेत्ररेषांतून आत शिरणाऱ्या वजा केल्यावर उरतं ते) फक्त आतल्या चार्जवर ठरतो. मग बाहेर ठेवलेल्या चार्जचं काय? पृष्ठभागावरच्या प्रत्येक बिंदूपाशी जे विद्युत क्षेत्र (एकक चार्जवर पडणारं बल) असतं त्यात बाहेरच्याचाही वाटा असतोच. पण त्याच्या जितक्या रेषा एका बाजूने आत शिरतात तितक्याच दुसरीकडून बाहेर पडतात, म्हणून फ्लक्सच्या बेरजेत त्याचा पत्ता लागत नाही. मुलं इथे हमखास घसरतात. फ्लक्स शून्य ना, मग क्षेत्रही शून्य, असं धरून पुढचं सगळं गणित करतात. हा फरक जे नीट उलगडून दाखवेल ते माझ्या लेखी पास.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आणि बोर्डाचा पेपर त्यावरच निघतो, तेव्हा ती टाळून चालत नाही. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. स्थिरविद्युत दोन वर्षांत वाटलेली आहे. गॉसचा नियम अकरावीला येऊन जातो आणि बारावीचं प्रकरण थेट त्याच्या उपयोगापासून सुरू होतं. अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष असं समजणारी मुलं बारावीला या प्रकरणात आली की त्यांना मधल्याच स्टेशनवर उतरल्यासारखं होतं. त्यामुळे मी बारावीच्या बॅचलाही आधी अकरावीचं दहावं प्रकरण उघडायला लावते. सीईटीत अकरावीच्या प्रश्नांना वीस टक्के जागा असते, त्यामुळे आयाही कुरकुर करत नाहीत.

मला स्वतःला सगळ्यात जास्त कामी आलं ते ओपनस्टॅक्सचं पुस्तक, युनिव्हर्सिटी फिजिक्सचा दुसरा खंड. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा हा प्रकल्प आहे. हा खंड २०१६ सालचा, पूर्ण मोफत, पीडीएफ उतरवून घ्या नाहीतर साइटवर वाचा. पाचव्या प्रकरणापासून सोळाव्यापर्यंत चार्जपासून विद्युतचुंबकीय लहरींपर्यंत सगळं आहे. कॅल्क्युलस वापरलंय, पण हात धरून. गॉसच्या प्रकरणात तर पृष्ठभागावरचं क्षेत्र आतल्या-बाहेरच्या सगळ्या चार्जचं मिळून असतं हे स्पष्ट म्हटलंय. माझ्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास. प्रकरणाच्या शेवटी ढीगभर गणितं आहेत, पण उत्तरं फक्त विषम क्रमांकांची. सुरुवातीला चिडचिड झाली. आता मी सम क्रमांकाची गणितं मुद्दाम घरी करायला देते, म्हणजे मागची पानं उघडून उत्तर जुळवायची सोय राहत नाही.

अडचण एकच, सगळं तिकडचं आहे. भिंतीतला सॉकेट १२० व्होल्टचा, फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० आणि ५०. मुलं उदाहरण तसंच्या तसं उतरवतात आणि मग शिखर व्होल्टेज (एसीचं व्होल्टेज वरखाली होताना गाठतं तो कमाल आकडा) १७० लिहून मोकळी होतात. आपल्या घरात ते ३२५ च्या आसपास येतं. एसीच्या, म्हणजे दिशा बदलणाऱ्या करंटच्या, प्रकरणात म्हणून मी लोकल गाडीचा दाखला आणते. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेच्या करंटवर), आणि मुंबईची उपनगरी लाइन पूर्णपणे २५,००० व्होल्ट एसीवर यायला २०१६ उजाडलं. का बदललं असेल? समजा गाडीला ३ मेगावॉट लागतात. १५०० व्होल्टला २००० अँपिअर ओढावे लागतील, २५,००० ला फक्त १२०. तारेतली उष्णता करंटच्या वर्गावर जाते, म्हणजे तीच तार धरली तर नुकसान सुमारे २७८ पट कमी. हे गणित फळ्यावर झालं की व्होल्टेज चढवणारा-उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवाच का, हे वेगळं सांगावं लागत नाही. इतका सोन्यासारखा दाखला रोज डोक्यावरच्या तारेत लटकतोय आणि मला तो एकाही साइटवर दिसला नाही.

आता फेट. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा सिम्युलेशनचा संग्रह. ब्राउझरमध्ये चालतो, फोनवर चालतो, फाइल उतरवून घेतली की नेटशिवायही चालतो, काही सिम्युलेशन मराठीतही आहेत. वीज-चुंबकत्व शिकणाऱ्याने बाकी काही केलं नाही तरी हे करावं, असं माझं स्पष्ट मत झालंय. कारण या विषयातलं मुख्य पात्र डोळ्यांना दिसत नाही. क्षेत्र म्हणजे काय हे तासभर बोलून जे होत नाही ते इथे बोटाने ओढून होतं.

'चार्जेस अँड फील्ड्स' उघडा. एक नॅनोकुलंबचा एक धन चार्ज मधोमध ठेवा. एक मीटरवर सेन्सर नेला तर क्षेत्र ९ व्होल्ट प्रति मीटरच्या आसपास आणि विभव (एकक चार्जमागची ऊर्जा) ९ व्होल्टच्या आसपास. आता दोन मीटरवर न्या. क्षेत्र सव्वादोनवर आलं, विभव मात्र साडेचारवर. एक चौथाई झालं, दुसरं निम्मं. हे आकडे मुलांनी स्वतः वाचून वहीत लिहिले की दोन्ही सूत्रांतला फरक पाठ करावा लागत नाही. मग माझा लाडका प्रश्न. कागदावर नाही, पडद्यावरच एक वर्तुळ मनात धरा, त्या वर्तुळावर पिवळे सेन्सर ओळीने ठेवा आणि चार्ज वर्तुळाच्या बाहेर सरकवा. चार्जकडच्या बाजूचे बाण आत वळलेले, पलीकडच्या बाजूचे बाहेर निघालेले. एकही बाण शून्य नाही. "टीचर, म्हणजे फील्ड आहे की!" हे वाक्य मला एका मुलीकडून मिळालं, जी त्याआधी महिनाभर उलटं लिहीत होती. व्हिडिओ पाहून हे वाक्य कुणी कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

उणीवही सांगते. या सिम्युलेशनमध्ये क्षेत्ररेषा काढल्या जात नाहीत. पडद्यावर बाणांचं जाळं दिसतं, जिथे क्षेत्र जोरदार तिथे बाण ठळक आणि जिथे कमी तिथे फिके. बोर्डाच्या पेपरात मात्र रेषाच काढायला सांगतात. ते पुस्तकावरूनच करून घ्यावं लागतं.

डीसी सर्किटचं सिम्युलेशन तर मुलं खेळ म्हणून घरी उघडतात. इलेक्ट्रॉन दाखवायचे की रूढ दिशेचा करंट, हे एका बटणावर बदलता येतं. ही सोय लहान वाटते, पण दिशेचा जो कायमचा गोंधळ असतो तो इथेच मिटतो. बॅटरी शॉर्ट केली की आग लागते. तारांमध्ये नाणं, खोडरबर, चक्क कुत्राही जोडता येतो. कुत्र्याचा रोध किती, यावर आमच्याकडे बराच वेळ गेला. दोन बल्ब एकसरीत लावले की दुसऱ्याला करंट कमी मिळतो, हा दहावीपासून चिकटलेला समज अँमीटर दोन्हीकडे लावून पाच मिनिटांत गेला.

फॅरेडेच्या सिम्युलेशनवर फार लिहीत नाही. चुंबक कॉइलमध्ये नेऊन तसाच थांबवा आणि बल्ब विझलेला दाखवा, एवढं केलं तरी काम झालं.

पण पडद्यावरचं चुंबक ते पडद्यावरचंच. हाताने करायचं असेल तर अरविंद गुप्तांचे व्हिडिओ. टाकाऊतून खेळणी करणारे पुण्याचे गुप्ता, २०१८ चे पद्मश्री. त्यांची ती साधी मोटर सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते, केलेली कुणी नसते. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि इनॅमलच्या तारेची छोटी कॉइल. तार लोहार चाळीत मिळते, लॅमिंग्टन रोडला तर हमखास. खरी गंमत टोकं खरवडण्यात आहे. एका टोकाचं इनॅमल सगळीकडून काढायचं आणि दुसऱ्याचं फक्त एका बाजूने. आमच्या एका पोराने उत्साहात दोन्ही टोकं चकचकीत केली आणि कॉइल नुसती हेलकावे खात बसली. अर्ध्या फेरीनंतर बळाची फिरकी उलटी होते, तेव्हा त्या अर्ध्यात करंट तुटला पाहिजे. नवीन कॉइल करून, अर्धंच खरवडून ती गरगर फिरल्यावर कॉम्युटेटर (मोटरमध्ये योग्य वेळी करंट तोडणारा-उलटवणारा भाग) म्हणजे काय हे मी समजावलंच नाही.

व्हिडिओंबद्दल माझं मत थोडं कडू आहे. हिंदीत, इंग्रजीत, आता मराठीतही ढीगभर आहेत आणि त्यातले बरेच प्रामाणिक आहेत. पण समोरचा माणूस भराभर सोडवत असतो आणि बघणाऱ्याला वाटतं आपल्यालाही येतंय. वही उघडली की पहिल्याच ओळीला गाडी अडते. खान अकॅडमी मला यातल्या त्यात बरी वाटते, कारण तिथे व्हिडिओपेक्षा सरावाचे प्रश्न चांगले आहेत. अडलं की पायरी-पायरीने हिंट मिळते, जाहिराती नाहीत, पैसे नाहीत. भारतीय बारावीचा वेगळा कोर्स आहे, पण तो एनसीईआरटीच्या क्रमाने जातो. आपल्या बोर्डाची प्रकरणं जुळवून घ्यावी लागतात.

चमकदार व्हिडिओ मुलं स्वतःच घेऊन येतात. व्हेरिटेसियमचा २०२१ चा तो बल्बवाला व्हिडिओ असाच आला. लाखो किलोमीटरच्या तारा, बल्ब मात्र बॅटरीपासून एक मीटरवर, तर तो किती वेळात लागेल? मुद्दा चुकीचा नाही, ऊर्जा तारेभोवतीच्या विद्युत-चुंबकीय क्षेत्रातून जाते. पण ज्याला अजून विभव म्हणजे काय हे धड सांगता येत नाही त्याने तिथून सुरुवात करणं म्हणजे गोंधळाला आमंत्रण. मी आधी साधं गणित करायला लावलं. एक चौरस मिलिमीटर तांब्याची तार, एक अँपिअर करंट. इलेक्ट्रॉनचा ड्रिफ्ट वेग, म्हणजे तारेतून सरासरी पुढे सरकण्याचा वेग, निघतो सेकंदाला ०.०७ मिलिमीटर. एक मीटर सरकायला पावणेचार तास. "मग दिवा लगेच कसा लागतो?" हा प्रश्न त्यांच्याच तोंडून आल्यावर मी तो व्हिडिओ लावला. तेव्हा तो उपयोगी पडला.

शिकवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर ८.०२ या क्रमांकाचा कोर्स आहे. त्याच्या नोट्स आणि उत्तरांसकट प्रश्नसंच मला रात्री बसून स्वतःची धार लावायला लागले, मुलांना अजिबात नाही. आणि कॅलटेकच्या साइटवर फाइनमनच्या व्याख्यानांचा दुसरा खंड फुकट वाचायला आहे. परीक्षेला शून्य उपयोग. पण हातभर अंतरावर उभ्या दोन माणसांमध्ये प्रोटॉनपेक्षा इलेक्ट्रॉन एक टक्का जास्त असते तर त्यांच्यातलं प्रतिकर्षण अख्ख्या पृथ्वीएवढं वजन पेलेल इतकं असतं, हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरचे फोन खाली जातात.

एका पैसे भरायच्या अ‍ॅपचाही अनुभव घेतला. नाव घेत नाही. अ‍ॅनिमेशन देखणं, पण अ‍ॅनिमेशन थांबवून आकडा बदलता येत नाही, म्हणजे पुन्हा व्हिडिओच. आणि 'काउन्सेलर'चे फोन जेवायच्या वेळेला, रोज. चाचणीची मुदत संपण्याआधीच काढून टाकलं.

प्रॅक्टिकलला तीस मार्क असतात, त्यासाठी ओलॅब्स. सीडॅक मुंबई आणि अमृता विश्वविद्यापीठम यांनी मिळून केलेलं आहे. मीटर ब्रिज, पोटेन्शिओमीटर हे ताणलेल्या तारेवर रोध आणि व्होल्टेज मोजायचे प्रयोग आधी तिथे करून गेलं की प्रयोगशाळेत हात थरथरत नाही. फक्त तिथे प्लग ढिला नसतो, जॉकी (तारेला टेकवायचं टोक) तारेवर घासत नाही, आणि शून्य स्थिती लगेच सापडते. एंड एररबद्दल (तारेच्या टोकांच्या जोडणीतून येणारी चूक) तोंडी परीक्षेत विचारतात, तेवढं वेगळं शिकवा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या साइटवर ऑलिंपियाडचे जुने पेपर उत्तरांसह आहेत. वर्गात एखादं पोर झेप घेणारं असेल तरच त्याला द्या.

एक प्रकरण मात्र वर्षभर शोधूनही कोरडंच राहिलं, बारावीचं चुंबकीय पदार्थांचं. डाय, पॅरा, फेरो हे चुंबकीय पदार्थांचे तीन प्रकार आणि हिस्टेरिसिसचा, म्हणजे बाहेरचं क्षेत्र काढल्यावरही चुंबकत्व मागे उरण्याचा, तो फुगीर लूप. फेटवर त्याचं काही नाही, व्हिडिओंमध्ये पाठ करायचे तक्ते आहेत, आणि ओपनस्टॅक्समध्ये ते एका विभागात उरकलंय. यंदाही बालभारती आणि खडू-फळा यावरच भागवावं लागणार असं दिसतंय. कुणाला हातात धरून फिरवता येईल असं काही सापडलं असेल तर जरूर सांगा, माझी बॅच त्या प्रकरणाला दिवाळीनंतर येते.