नदीत तरंगायची ट्यूब: सात महिने, नऊ फेऱ्या आणि सुट्टीची गर्दी

आमच्याकडे चार ट्यूब आहेत, चारही एकाच दिवशी घेतलेल्या. जाड पीव्हीसीच्या, पाठ टेकायला उशी असलेल्या, दोन्ही बाजूंना मुठी आणि बसायच्या जागी जाळी. सात महिन्यांत त्या नऊ वेळा नदीत गेल्या. सात फेऱ्या निवांत दिवशी झाल्या, दोन जोडून आलेल्या सुट्टीत. निवांत दिवशी कुठलीही ट्यूब चांगलीच वाटते. सुट्टीच्या गर्दीत मात्र ट्यूब आणि आपली तयारी, दोन्हींची परीक्षा होते. म्हणून सात महिने थांबून आता लिहिते आहे.

आधी ट्यूबबद्दल. यापूर्वी आम्ही ट्रकच्या रबरी ट्यूब वापरायचो. त्या दणकट असतात, पण काळं रबर उन्हात चटका बसेल इतकं तापतं आणि हवा भरायची धातूची नळी पाठीत टोचते. हा त्रास नव्या ट्यूबने पूर्ण संपला. व्हॉल्व्हचं तोंड रुंद आहे आणि आत एकेरी झडप आहे, त्यामुळे पंप काढला तरी हवा परत येत नाही. मुख्य कडं आणि पाठीची उशी यांच्या हवेचे कप्पे वेगळे आहेत. एक फुटला तरी दुसरा थोडा वेळ आधार देतो. ट्यूब घ्यायची असेल तर ही एक गोष्ट नक्की बघा. एकाच कप्प्याची ट्यूब मी आता घेणार नाही.

पहिल्या दोन फेऱ्यांत वाटलं की चारही ट्यूब गळतात. काठावर टणक भरलेली ट्यूब पाण्यात पंधरा मिनिटं गेली की मऊ पडायची, कडं खचायचं आणि कंबर दगडांना घासायची. घरी साबणाच्या पाण्याने तपासलं तर एकही बुडबुडा नाही. कारण साधं निघालं. काठावर उन्हात हवा ४० अंशांवर असते आणि नदीचं पाणी १८ अंशांवर. एवढ्या फरकाने हवा साधारण ७ टक्के आक्रसते. आता आम्ही ट्यूब चारातले तीन हिस्से भरतो, पाण्यात टाकून पाच मिनिटं गार होऊ देतो आणि मग काठोकाठ भरतो. याच्या उलट बाजूनेही काळजी घ्यावी लागते. मधे थांबल्यावर टणक ट्यूब तापलेल्या खडकावर ठेवायची नाही. चौथ्या फेरीत एक ट्यूब तशी राहिली आणि मुठीजवळचा सांधा बोटभर उसवला. कंपनीला कळवलं, तर वापरातली झीज वॉरंटीत बसत नाही असं उत्तर आलं. मला ते पटलं नाही, कारण उन्हात वापरायच्या वस्तूचा सांधा उन्हाने उसवू नये. शेवटी घरीच ठिगळ लावलं. जागा स्पिरिटने पुसली, पीव्हीसीचा सोल्युशन लावला, वर वजन ठेवून पूर्ण २४ तास हात लावला नाही. ते ठिगळ पाच फेऱ्या टिकलं आहे. गोल कापलेलं ठिगळ टिकतं, चौकोनीचे कोपरे उचकटतात.

आता सहावी फेरी. तीन दिवस जोडून सुट्टी, शनिवार. मी, ताई, भावोजी आणि ११ वर्षांचा भाचा. नदी ओळखीची, टप्पा ६ किलोमीटरचा. आधी दोन तासांत केलेला होता, म्हणून याही वेळी दोनच तास धरले. एक गाडी खाली जिथे बाहेर पडायचं तिथे लावून ठेवली आणि दुसरीने वर आलो, तर वर गाडी लावायलाच जागा नाही. हवा भरायला गर्दी, पाण्यात शिरायच्या अरुंद घसरड्या वाटेवर माणसांची रांग. प्रत्यक्ष पाण्यात शिरेपर्यंत सव्वाबारा वाजले.

पाणी मागच्या वेळेपेक्षा खूप कमी होतं. ट्यूब काही स्वतः चालत नाही, पाणी जितकं चालेल तितकीच ती जाते. मी काठावरची एक काडी टाकून तीस मीटरचं अंतर मोजलं असतं तर तिथेच कळलं असतं, पण हे मोजमाप मी नंतर शिकले. तीस मीटर जायला काडीला ६० सेकंद लागले तर वेग ताशी १.८ किलोमीटर होतो, आणि ६ किलोमीटरला ३ तास २० मिनिटं लागतात. यात थांबे नाहीत, समोरून येणारा वारा नाही आणि उथळ जागी ट्यूब उचलून चालणं नाही. आम्हाला हे तिन्ही भेटले. दुपारनंतर वारा उलटा सुटला की ट्यूब डोहात जागच्या जागी फिरत राहते. हाताने कितीही वल्हवलं तरी फारसा उपयोग होत नाही.

चार वाजता भाच्याने विचारलं, "मावशी, अजून किती वळणं?" त्याचे दात वाजत होते. डोक्यावर रणरणतं ऊन आणि ओठ निळसर. पाणी अंगातली उष्णता हवेच्या जवळपास २५ पट वेगाने ओढून घेतं, आणि तो चार तास जाळीवर, म्हणजे कमरेपर्यंत १८ अंशांच्या पाण्यात बसलेला. लहान अंग लवकर गारठतं. त्याला काठावर घेतलं, ओले कपडे काढले, ताईने स्वतःच्या ओढणीत गुंडाळून पोटाशी धरलं. तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. किती वळणं राहिली, मधे काठावरून रस्त्याला लागायची वाट आहे का, काहीच माहीत नव्हतं. अर्ध्या तासाने त्याला थोडी ऊब आल्यावरच आम्ही पुढे निघालो.

त्याआधी आणखी एक प्रसंग झाला होता, तो ट्यूबच्याच एका सोयीमुळे. या ट्यूबना एकमेकींना जोडायला पट्टे आणि हूक दिलेले आहेत. गर्दीत चुकामूक नको म्हणून आम्ही चौघेही जोडलेले. जुन्या पुलाच्या खांबापाशी दोन ट्यूब डावीकडून गेल्या, दोन उजवीकडून, आणि मधला पट्टा खांबाला अडकला. पाणी मागून ढकलतंय, माझ्या ट्यूबची वरच्या अंगाची कड बुडायला लागलेली, आणि ताण आलेला हूक काही केल्या उघडेना. भावोजी दोन्ही हातांनी ओढत होते. अखेर हूक उघडला नाही, पट्ट्याची शिवण फाटली आणि आम्ही सुटलो. पाणी कंबरभर आणि संथ होतं म्हणून निभावलं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. तिथे जोराची धार असती तर पुढचं लिहायला मी बसलेच नसते. त्या संध्याकाळी चारही ट्यूबचे पट्टे कापून टाकले. आता जवळ राहायचं असेल तर शेजारच्याची मूठ हाताने धरतो. हात हवा तेव्हा सोडता येतो.

साडेपाचला बाहेर पडायच्या जागी पोचलो. मातीची एकच वाट, तिथे ट्यूबचा ढीग, आणि मागून येणारे लोक पाण्याबरोबर पुढे वाहून जात होते. काठावर आल्यावर मी म्हटलं, "भावोजी, गाडीची किल्ली तुमच्याकडे आहे ना?" ती वरच्या गाडीत राहिली होती. ओल्या अंगाने तासभर तिथे उभे होतो.

या दिवसानंतर आम्ही नियोजन उलटं करतो. शेवटापासून सुरुवात करायची. आधी बाहेर पडायची जागा स्वतः जाऊन बघायची, पाण्याच्या बाजूने ती कशी ओळखू येईल ते बघायचं आणि वर एखादी खूण लक्षात ठेवायची. मग नकाशावर तिथून उगमाच्या दिशेने वळणं मोजत यायचं. अंतर पात्राच्या वळणावळणाने मोजायचं. सरळ रेषेत साडेतीन किलोमीटर दिसणारा टप्पा पात्रात सहज सहा भरतो. गर्दीच्या दिवशी दुपारी दोनच्या आत बाहेर पडायचं ठरवलं, की काडीच्या हिशोबाला दीडपट करायचं आणि तेवढा वेळ मागे जायचं. आमच्या टप्प्याला पाच तास धरले, म्हणजे नऊला पाण्यात, म्हणजे साडेआठला गाडी लावलेली. खालच्या गाडीची किल्ली ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत, बॅगेचं तोंड तीन वेळा घट्ट गुंडाळलेलं, आणि ती बॅग माझ्या ट्यूबला. आम्ही निघाल्याची आणि परतायच्या वेळेची खबर घरी कोणाला तरी असतेच, कारण दरीत फोन लागेलच असं नाही. ट्यूब भाड्याने घेणार असाल तर परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते हे आधी विचारा. गर्दीत हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा ठरतो.

नकाशावर मी तीन गोष्टी लाल करते. पहिली, बंधारे. वरून बंधारा दिसत नाही, पाण्याची फक्त एक शांत आडवी रेघ दिसते. खाली पडणारं पाणी उलटं फिरून पुन्हा बंधाऱ्याकडेच येतं आणि माणसाला तिथेच घोळवत ठेवतं, लाइफ जॅकेट असलं तरी. बंधारा उंचीला किती का कमी असेना, त्याच्या बऱ्याच आधी काठावर यायचं आणि ट्यूब उचलून पुढे न्यायची. दुसरी, वळणाची बाहेरची बाजू. तिथे धार जोराची आणि खोल असते, काठ खचतो आणि झाडं पाण्यात आडवी होतात. पाणी फांद्यांमधून गाळणीतल्यासारखं निघून जातं, माणूस मात्र अडकतो. ट्यूब आपोआप तिकडेच ओढली जाते, म्हणून वळण यायच्या आधीपासून आतल्या बाजूला, वाळूच्या पट्ट्याकडे वल्हवत राहायचं. तिसरी, वर धरण आहे का. असेल तर पाऊस नसतानाही पाणी वाढू शकतं. आदल्या संध्याकाळी आणि निघताना सकाळी, दोन्ही वेळा पाण्याची पातळी आणि विसर्ग बघितल्याशिवाय आम्ही निघत नाही. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो. विसर्गाचा आकडा असा वाचला की त्यातलं बळ लगेच कळतं. पाणी गढूळ असेल आणि काटक्या वाहत येत असतील तर त्या दिवशी घरी परत. गडगडाट ऐकू आला तर काठावर यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं.

ट्यूब हे जीव वाचवायचं साधन नाही. पाण्यात पडलात की वारा ती क्षणात दूर नेतो. लाइफ जॅकेट ट्यूबला बांधून ठेवलेले कितीतरी लोक त्या शनिवारी दिसले. ते अंगातच हवं. जॅकेट किती बळाने तरंगवतं ते न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनचं जॅकेट चांगलं पोहता येणाऱ्यासाठी असतं. भाच्यासाठी आम्ही १०० न्यूटनचं, मांडीतून पट्टा जाणारं घेतलं. खांद्याला धरून वर ओढलं तर ते कानापर्यंत येता कामा नये. धारेत पडल्यावर उभं राहायचा प्रयत्न करू नये, हेही त्याला काठाजवळ सराव करून शिकवलं. पाय दोन दगडांच्या फटीत अडकला तर पाणी अंगाला खाली दाबतं. पाठीवर पडायचं, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने. प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी आहे, तीन वेळा वाजली की मदत हवी. गर्दीत सगळ्या ट्यूब सारख्याच दिसतात, म्हणून आमच्या चारही उशांवर नारिंगी कापड शिवलं. पायात पट्ट्याचे सँडल, साध्या चपला पहिल्याच चिखलात जातात. काचेची बाटली नाही, दारू नाही. सनस्क्रीन दर दोन तासांनी, आणि पावलांवर, गुडघ्यांवर विसरू नका. ट्यूबवर हेच भाग दिवसभर वर असतात आणि सगळ्यात आधी भाजतात.

नववी फेरी पुन्हा जोडसुट्टीत, त्याच टप्प्यावर केली. पावणेनऊला पाण्यात. पुढे एक मोठा गट शिरला तेव्हा आम्ही मुद्दाम पंधरा मिनिटं काठावर थांबलो, आणि पुढचा सगळा रस्ता मोकळा मिळाला. लोक लोंढ्याने येतात, दोन लोंढ्यांच्या मधे नदी जवळपास रिकामी असते. दर तासाला दहा मिनिटं भाच्याला उन्हात वाळूवर बसवला, अंगात गारठा शिरू न देणारा पातळ सूट घातला, कोरडे कपडे ड्राय बॅगेत होते. पुलाच्या खांबापाशी चौघेही एकामागे एक, उजवीकडून. वळणं तो स्वतःच मोजत होता आणि मला सांगत होता. दीड वाजता बाहेर.

सात महिन्यांनी ट्यूबची अवस्था सांगते. कड्याचं पीव्हीसी चारही ट्यूबचं चांगलं आहे, रंग थोडा उडाला. जाळी दोन ठिकाणी विरली. मुठींचे सांधे हा खरा कच्चा दुवा, म्हणून ट्यूब एका मुठीने कधीही उचलत नाही. घरी आणल्यावर साध्या पाण्याने धुऊन, उलटसुलट करून पूर्ण सुकवते. ओली घडी केली तर बुरशी धरते, आणि एका नदीतले शिंपले-शेवाळ दुसऱ्या नदीत जातात. घडी दर वेळी वेगळ्या जागी घालते, नाहीतर त्याच रेघेवर चीर पडते. हीच ट्यूब मी पुन्हा घेईन, फक्त जाळीऐवजी बंद बुडाची, भाच्यासाठी तरी. त्याच्या मापाची एक बघून ठेवली आहे.