रीपर स्कॅनला बंद पडतंय: रीइन्स्टॉल की अर्धे-अर्धे?

नागपूरच्या महालातल्या मित्राचा रात्री साडेअकराला फोन. रीपर म्हणजे गाणी रेकॉर्ड-मिक्स करायचं सॉफ्टवेअर, प्लगइन म्हणजे त्यात जोडायचे इफेक्ट नि वाद्यांचे छोटे प्रोग्राम. "भाऊ, रीपर उघडलं का प्लगइन स्कॅन होता होता बंदच पडून राह्यलं. रीइन्स्टॉल मारू का एकेक प्लगइन शोधत बसू?"

मेहनत रीइन्स्टॉलला कमी, पण उपयोगही कमीच. प्लगइन वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, बिघडलेली फाइल तिथंच राहते आणि स्कॅन पुन्हा तिच्यावरच आपटतो. वर जुन्या सेटिंग्ज पुसल्या, तर शॉर्टकट नव्यानं बसवा.

शोधणं वाटतं तेवढं किचकट नाही. विंडोजवर प्रोग्राम फाइल्स, त्यात कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी३ (प्लगइनचा एक प्रकार) हे फोल्डर. अर्धे प्लगइन डेस्कटॉपवर हलवा, रीपर उघडा. चाललं तर दोषी बाहेरच्यांत. त्यातले अर्धे परत टाका. एकच खराब असेल तर ६४ प्लगइनमधून ६ फेऱ्यांत तो सापडतो. (फुकट मिळालेल्या क्रॅक फाइल्सवर माझा पहिला संशय!) स्कॅनच्या खिडकीत शेवटी एकच नाव अडकत असेल, तर फेऱ्याही नकोत, तेवढाच उचला.

प्लगइन भरपूर आणि काम अर्धवट असेल, तर अर्धे-अर्धेच करा. व्हीएसटी३ आणि जुन्या व्हीएसटी२ची फोल्डरं रिकामी करूनही रीपर पडलं, तरच रीइन्स्टॉल.