हातोडा की घड्याळ? संग्राह्य स्पोर्ट्स कार लिलावात घेताना आणि विकताना

पैसे जमलेत, गाडी मनात पक्की आहे. किंवा उलट, वर्षानुवर्षं जपलेली गाडी आता काढायची आहे. दोन्हीकडे घोडं अडतं ते एकाच ठिकाणी: व्यवहार कुठे करायचा? मोठ्या लिलावगृहाच्या हॉलमध्ये, ऑनलाइन लिलावात, की गाजावाजा न करता खासगीत?

मला विचाराल तर निर्णय गाडीच्या नावावर नाही आणि किमतीवरही नाही. आधी एवढं पाहा, की अगदी अशीच गाडी गेल्या वर्षभरात कुठे विकली गेली आहे का? गेली असेल, तर ऑनलाइन लिलाव बहुतेक वेळा सरस ठरतो. अशी गाडी बाजारात कित्येक वर्षं आलीच नसेल, तर हॉल. आणि खरी-खोटी गाडी ओळखण्याची नजर अजून तयार झाली नसेल, तर पहिली गाडी लिलावात घेऊच नका.

दोन उदाहरणं देतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला आर्टक्युरिअल या लिलावगृहाने बायाँ कुटुंबाचा जुन्या गाड्यांचा संग्रह विकायला काढला. त्यात फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती, एकेकाळी फ्रेंच अभिनेता अलँ देलाँच्या मालकीची. ती एका शेडमध्ये जुन्या मासिकांच्या ढिगाखाली सापडली होती. लिलावगृहाने ती साफसूफ न करता, धुळीसकट मांडली. अंदाज ९५ लाख ते १ कोटी २० लाख युरोंचा होता, गाडी गेली १ कोटी ६३ लाखांच्या आसपास. अशा गाडीची किंमत कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. ती हवी असणारी दोन माणसं एकाच वेळी, एकाच खोलीत यावी लागतात, आणि ती आणून बसवणं हेच हॉलचं काम.

दुसरं मे २०२०चं. हॉल बंद होते. आरएम सदबीज या लिलावगृहाने २००३ची फेरारी एन्झो ऑनलाइन लिलावात २६ लाख ४० हजार डॉलरला विकली. एन्झो सुमारे ४०० बनल्या, जवळजवळ प्रत्येकीची माहिती जाणकारांकडे आहे. घेणाऱ्यांना किंमत कुठवर जायला हवी हे ठाऊक होतं, म्हणून हॉलवाचून अडलं नाही. तेव्हा ऑनलाइन म्हणजे स्वस्तातल्या गाड्यांची जागा, ही समजूत सोडून द्या.

पैसे कुणाच्या खिशातून जातात

हॉलमध्ये हातोडा ज्या आकड्यावर पडतो तो घेणाऱ्याचा शेवटचा आकडा नसतो. त्यावर खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलावगृह घेणाऱ्याकडून घेतं तो वरचा आकार, लागतो, बहुधा १० ते १२ टक्के. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मॉन्टेरेला १९६२च्या फेरारी २५० जीटीओवर हातोडा पडला ४ कोटी ४० लाख डॉलरला. बातम्यांत आकडा आला ४ कोटी ८४ लाख ५ हजार. मधले ४४ लाख ५ हजार हा प्रीमियम. म्हणूनच जुन्या लिलावांचे निकाल वाचताना प्रत्येक आकड्यापुढे एक प्रश्न हवा: हा हातोड्याचा की प्रीमियमसकट? विकणारे सर्रास प्रीमियमसकट आकडा धरून स्वप्नं रंगवतात आणि हिशेब हातात आल्यावर हिरमुसतात.

कारण विकणाऱ्याकडूनही कमिशन कापलं जातं. ते बोलणी करून कमी होतं, गाडी जितकी महागडी तितकं जास्त कमी होतं. समजा हातोडा २ लाख डॉलरला पडला, प्रीमियम १२ टक्के आणि विकणाऱ्याचं कमिशन १० टक्के. घेणारा देतो २ लाख २४ हजार, विकणाऱ्याच्या हाती येतात १ लाख ८० हजार. वाहतूक, विमा, कॅटलॉगमधली जागा यांचा खर्च याशिवाय.

तोच आकडा ऑनलाइन घ्या. ब्रिंग अ ट्रेलरसारख्या लिलावाच्या संकेतस्थळावर घेणाऱ्याला ५ टक्के फी लागते आणि तिलाही कमाल मर्यादा असते, म्हणजे २ लाखांवर १० हजारांपेक्षा कमीच. विकणाऱ्याला शंभरेक डॉलरपासूनची नोंदणी फी, बस. सर्वसाधारण संग्राह्य गाडीसाठी हा फरक इतका मोठा आहे की हॉलमध्ये जायला सबळ कारण हवं.

गाडी पाहायला किती मिळते

माझ्या मते घेणाऱ्याचा निर्णय इथेच पक्का व्हायला हवा.

१९७३ची पोर्शे ९११ कारेरा २.७ आरएस घ्या. शर्यतीच्या मान्यतेसाठी ५०० गाड्या पुरेशा होत्या, बनल्या १,५८०. मागचं बदकाच्या शेपटीसारखं स्पॉयलर, मागची रुंद चाकं, दारांच्या खालच्या भागावरची 'कारेरा' अक्षरं, हे सगळं साध्या ९११ वर चढवता येतं आणि गेली कित्येक वर्षं चढवलं जात आहे. दहा पावलांवरून फरक कळत नाही. कळतो तो पुढची डिकी उघडून चासी नंबर वाचल्यावर: आरएसचा नंबर ९११३६० ने सुरू होतो. मग मागे जाऊन, टॉर्च घेऊन, इंजिनच्या पंख्याशेजारी ठोकलेला नंबर बघायचा. इंजिन ९११/८३ प्रकारचं हवं. नुसते आकडे जुळणं पुरेसं नाही. आकड्यांचं वळण कारखान्याच्या ठशासारखं आहे का? आजूबाजूचा धातू घासून गुळगुळीत केल्यासारखा दिसतो का? अंक एका रेषेत आहेत की एखादा वर-खाली बसलाय? नंबर जुळणारी आणि बदललेल्या इंजिनची, अशा दोन एकसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

हॉलच्या लिलावात आधीचे एक-दोन दिवस गाड्या बघायला खुल्या असतात. गुडघे टेकून खाली डोकावता येतं, रंगाची जाडी मोजायचं मीटर पत्र्यावर फिरवता येतं, फाईल मागून चाळता येते. चालवून मात्र सहसा बघता येत नाही. गिअर पडताना कुरकुरतात का, गरम झाल्यावर ऑइलचं प्रेशर टिकतं का, हे कळायला रस्ता लागतो. आणि गाडी विकली जाते ती 'आहे तशी'. कॅटलॉगमधला मजकूर कितीही सुंदर असला तरी मागच्या पानांवरच्या अटी आधी वाचा, तुमच्यावर बंधनकारक त्या अटी असतात.

ऑनलाइन लिलावात गाडीला हात लावता येत नाही, पण वेळ मिळतो. साधारण आठवडाभर लिलाव चालतो. शे-दोनशे फोटो, थंड इंजिन सुरू करतानाचे व्हिडिओ, आणि मुख्य म्हणजे जगभरचे जाणकार खाली प्रश्न विचारतात. 'डाव्या दाराची फट वर रुंद आणि खाली अरुंद का?' असा एक प्रश्न लपवलेला अपघात बाहेर काढतो. हॉलमध्ये हे ज्ञान प्रत्येक जण खिशात ठेवून बसलेला असतो. इथे ते फुकट, सर्वांसमोर मांडलेलं असतं. तरी फोटोंवर विसंबून मोठी रक्कम लावू नका. त्याच आठवड्यात गाडीच्या गावातल्या, त्या मॉडेलवर काम करणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घ्या: कम्प्रेशन आणि लीक-डाउन (इंजिनच्या सिलिंडरमध्ये दाब किती टिकतो याच्या चाचण्या), खालून गंज. विकणारा तपासणीला टाळाटाळ करत असेल तर ती गाडी सोडा, कितीही आवडली असली तरी.

सर्व्हिसची बिलं दोन्हीकडे मागा. फेरारी एफ३५५ चा रबरी टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. किलोमीटर कमी म्हणून खूश होऊन घेतलेल्या गाडीचा बेल्ट दहा वर्षांचा निघाला, तर पहिलं मोठं बिल तुमचंच. रबर वापरावर नाही, वर्षांवर मरतं. टायरचंही तसंच.

बोलीचा वेग

हॉलमधली एक गाडी काही मिनिटांत विकून होते. रिझर्व्ह, म्हणजे ज्याखाली मालक विकणार नाही ती गुप्त किंमत, गाठेपर्यंत लिलाव पुकारणारा मालकाच्या वतीने स्वतःच बोली वाढवू शकतो, आणि बहुतेक ठिकाणी अटींत तसं लिहिलेलं असतं. म्हणजे सुरुवातीच्या बोल्या ऐकून 'एवढ्या लोकांना हवी आहे' असं समजू नका. समोर कोणी असेलच असं नाही.

गडबड किती होऊ शकते याचं उदाहरण ऑगस्ट २०१९चं, मॉन्टेरेचं. १९३९ची पोर्शे टाइप ६४ मंचावर होती. पुकारणाऱ्याने १ कोटी ३० लाख डॉलरपासून सुरुवात केली, पण इंग्रजीत तेरा आणि तीस यांचे उच्चार इतके जवळचे की पडद्यावर ३ कोटी उमटले. मग ४, ५, ६, ७ कोटी. सभागृह टाळ्या वाजवत होतं. शेवटी आकडा दुरुस्त झाला: १ कोटी ७० लाख. गाडी विकलीच गेली नाही. असा प्रसंग क्वचितच घडतो, पण त्या वातावरणात शांत डोक्याने विचार करणं किती कठीण आहे ते यावरून कळतं. म्हणून कमाल आकडा प्रीमियम धरून आधीच कागदावर लिहा, आणि मन आवरत नसेल तर लेखी बोली देऊन ठेवा, म्हणजे हॉलमध्ये जावंच लागत नाही.

ऑनलाइनला ही घाई शेवटच्या क्षणांत येते. बहुतेक ठिकाणी शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जातं. शेवटच्या सेकंदाला झडप घालायची सोय नाही, पण विचार करायला दर वेळी दोन मिनिटं हक्काची मिळतात.

विकणाऱ्याने काय पाहावं

हॉल निवडलात तर तारीख आणि क्रम यांवर भांडा. ऑगस्टचं मॉन्टेरे, जानेवारीचं अ‍ॅरिझोना, जानेवारी-फेब्रुवारीचं पॅरिस, इथे संग्राहक आधीच जमलेले असतात. पण त्याच आठवड्यात तुमच्या गाडीसारख्या आणखी तीन गाड्या असतील तर गिऱ्हाइक विभागलं जातं. कॅटलॉग ठरण्याआधी हे विचारा.

रिझर्व्ह ठेवावा की नाही? गाडी न विकता परत आली तर तो निकाल कायम नोंदीत राहतो, आणि पुढचा प्रत्येक गिऱ्हाईक तो दाखवून भाव पाडतो. ऑनलाइनही हेच. माझं मत असं: ज्या मॉडेलचे भाव पक्के माहीत आहेत आणि मागणी आहे, तिथे रिझर्व्ह न ठेवणं फायद्याचं, कारण बोली लावणारे मोकळेपणाने येतात. दुर्मिळ गाडीला रिझर्व्ह ठेवाच, पण तो वास्तव ठेवा. ऑनलाइन विकताना आठवडाभर प्रश्नांची उत्तरं स्वतः द्यावी लागतात. दोष आधीच फोटोसकट दाखवलात तर विश्वास बसतो. दोष इतरांनी शोधून काढला की बोली तिथेच थबकते.

खासगी सौद्याबद्दल थोडक्यात. २०१८ मध्येच दुसरी एक २५० जीटीओ खासगीत सुमारे ७ कोटी डॉलरला गेल्याचं वृत्त होतं, म्हणजे मॉन्टेरेच्या गाडीपेक्षा बरंच जास्त. ती १९६४ची टूर द फ्रान्स ही मोटारशर्यत जिंकलेली गाडी होती, त्यामुळे फरक केवळ व्यवहाराच्या पद्धतीचा म्हणता येणार नाही. खासगीत ना गर्दी, ना जाहीर अपयश. नवख्या घेणाऱ्यासाठी याचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे गाडी चालवून पाहता येते, आठवडाभर विचार करता येतो, मेकॅनिकला दोनदा नेता येतं. किंमत ताडून पाहायला दुसरी बोली नसते, तेवढं जाहीर लिलावांचे निकाल वाचून भरून काढा.

राहिली एक गोष्ट, जी पहिल्यांदा घेणारे हमखास विसरतात. हॉलमध्ये हातोडा पडला की बहुतेक ठिकाणी जोखीम त्याच क्षणी तुमच्यावर येते, पैसे द्यायला मोजके दिवस मिळतात आणि मुदतीत गाडी हलवली नाही तर भाडं चालू होतं. ऑनलाइनला फी कार्डावर आधीच रोखून धरलेली असते, बाकी सगळा व्यवहार तुम्ही आणि मालक मिळून उरकायचा असतो. तेव्हा बोली लावायच्या आधीच विमावाल्याशी बोलून ठेवा, आणि बंद ट्रेलरवाल्या वाहतूकदाराकडून तारीख घेऊन ठेवा.