जनता कर्फ्यू आणि लॉकडाऊन : लोकांचा प्रतिसाद
कोरोना रोखण्यासाठी दिवसभर घरात थांबण्याच्या जनता कर्फ्यूची घोषणा १९ मार्च २०२० ला झाली, पाळायचा होता २२ ला, तोही एका रविवारपुरता. मधे तयारीला दोन दिवस मिळाले. लोकांनी दूध-भाजी भरून घेतली आणि रस्ते खरोखरच ओस पडले. संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या. काही ठिकाणी मात्र लोक घोळक्याने बाहेर पडले आणि मूळ हेतूलाच हरताळ फासला गेला.

लॉकडाऊन २४ मार्चच्या रात्री आठला जाहीर झाला, बाराला लागू. चार तास! लोक लगेच किराणा दुकानांकडे धावले. पण ज्यांचं हातावर पोट, त्यांनी काय भरून ठेवायचं? मजुरी बंद, खोलीभाडं चालू. १४ एप्रिलला मुदत वाढली आणि त्याच दिवशी वांद्रे स्टेशनबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्यांची गर्दी उसळली. तिला बेशिस्त म्हणणं मला साफ अन्यायाचं वाटतं. थाळ्या वाजवणाऱ्यांत हेही होतेच की.

मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वेगाड्या १ मेपासून सुटू लागल्या. तरी ८ मेच्या पहाटे मराठवाड्यातल्या करमाडजवळ, जालन्याहून चालत निघालेले १६ मजूर रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. एसटीने मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत मोफत सोडायला सुरुवात केली तीही मे महिन्यात. ही सोय मार्चमध्येच हवी होती.