अंतर्ज्ञानी स्वभावाच्या मंडळींसाठी कार्यशाळा, गंगापूर रोड, नाशिक
स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडलेल्या व्यक्तिमत्त्व-प्रकारांवर आधारलेल्या या एकदिवसीय कार्यशाळेचा सर्वांत सकस भाग म्हणजे द्राक्षांचा सराव: डोळे मिटून एकच मणी जिभेवर घोळवायचा आणि साल, गर, आंबटपणा यांपलीकडे काहीही बोलायचे नाही. अंतर्ज्ञानावर विसंबणाऱ्यांची संवेदनेची, म्हणजे समोरचे थेट इंद्रियांनी अनुभवण्याची, बाजू अविकसित राहते, या युंग यांच्या प्रतिपादनाचा प्रत्यय तिथेच आला, कारण बरेच सहभागी क्षणात चवीवरून बागायतदारांच्या कर्जावर घसरले. हीच दुर्लक्षित बाजू पुढे शरीराच्या क्षुल्लक तक्रारींच्या धास्तीतून उसळी घेते, हे विवेचनही नेटके होते. स्वभावाचा प्रकार चार अक्षरांत सांगणाऱ्या दुपारच्या प्रश्नावलीत मात्र निव्वळ वेळ गेला. असे लेबल लावून कुणी विजेचे बिल वेळेवर भरू लागत नाही. शुल्क वाजवी आहे. चहा पाणचट होता.