दोन गोलांमधला प्रवाह: फट अरुंद ठेवावी की रुंद?

आतला फिरता गोल 50 मिमी त्रिज्येचा, बाहेरचा पारदर्शक, स्थिर. मध्ये 10 सेंटिस्टोक (चिकटपणाचं एकक) सिलिकॉन तेल आणि प्रवाह दिसावा म्हणून चिमूटभर ॲल्युमिनियम भुकटी. फट 9 मिमी असेल तर मिनिटाला साधारण 25 फेऱ्यांवर, म्हणजे रेनॉल्ड्स अंक (वेग आणि आकार तेलाच्या चिकटपणापुढे किती भारी, ते सांगणारा आकडा) 650 च्या आसपास, गोलाच्या विषुववृत्तापाशी टेलर भोवऱ्यांचे, म्हणजे गोलाभोवती कड्यांसारख्या फिरणाऱ्या भोवऱ्यांचे, पट्टे उमटतात. वेग सावकाश वाढवला की झटक्यात, यावर भोवऱ्यांच्या जोड्या ठरतात. गोल केंद्रातून जरा सरकला की पट्टे वाकडे.

25 मिमी फटीत टेलर भोवरे विसराच! तिथं अंक 1244 ला, सुमारे 48 फेऱ्यांवर, पाच हातांच्या सर्पिल लाटा. जुळवणी मात्र सोपी. नवख्यांनी ही रुंद फटच घ्यावी.

यवतमाळकडे मे महिन्यात दुपारी तेल पातळ होतं, त्याच फेऱ्यांवर अंक चढतो. प्रयोग पहाटे करा. व्होल्टेज खालीवर होतं, म्हणून मोटर बॅटरीवर चालवा.